गर्भाची नियत मुदत आणि आपली जबाबदारी



आज मी ज्या प्रश्नावर लिहीत आहे, तो जुम्म्याच्या गर्दीत कोणी विचारत नाही. तो इशाच्या नमाजीनंतर चपला शोधता शोधता हळू आवाजात विचारला जातो, किंवा मध्यरात्री फोनवर. घरात बाळंतपण जवळ आलेले असते. दिवस भरून वर गेलेले असतात. डॉक्टरांनी औषध देऊन कळा आणण्यासाठी दाखल व्हायला सांगितलेले असते, आणि घरातले वडीलधारे म्हणत असतात की अल्लाहने वेळ नेमली आहे, ती आली की मूल येईल, सुईच्या जोरावर ओढून कशाला आणायचे? मग कोणीतरी सुचवते, इमामसाहेबांना विचारा.

नवी मुंबईत इमामत स्वीकारून मला दीड वर्षही झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. आमच्या मशिदीत कोकणातले शाफई आणि देशावरचे हनफी एकाच सफेत उभे राहतात. त्यांपैकी रायगडकडचा एक तरुण, तुर्भ्याच्या बाजार समितीत मसाल्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिणारा, त्या रात्री थांबला. पत्नीचे पहिलेच बाळंतपण. दिलेल्या तारखेवर दहा दिवस उलटले होते. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी दाखल व्हा असे लिहून दिले होते. त्याच्या आईने गावच्या घरी सुइणीच्या हातून चार मुलांना जन्म दिला होता, आणि तिला हे पटत नव्हते. त्याने विचारले, “कळांचं औषध घेतलं तर अल्लाहच्या मर्जीत ढवळाढवळ होईल का?”

मी एक आयत सांगितली, सब्राचे महत्त्व सांगितले आणि म्हटले की दोन-चार दिवस वाट पाहा, दुआ करा. या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नसतील.

तिसऱ्या दिवशी बाळाची हालचाल लागेना म्हणून ते रुग्णालयात धावले. ठोके मिळाले नाहीत. ज्या औषधाला घरात नको म्हटले होते, त्याच औषधाने मग कळा आणाव्या लागल्या. मूल तेवढे जिवंत नव्हते.

जन्मताना जीवनाची एकही खूण न दाखवणाऱ्या अर्भकावर शाफई आणि हनफी या दोन्ही मतांनुसार जनाज्याची नमाज पढत नाहीत. त्याला न्हाऊ घालून, कापडात गुंडाळून दफन करतात. त्यामुळे त्या दुपारी कबरस्तानात इमामाला काही कामच नव्हते. मी इतरांसारखी मूठभर माती लोटली. परतताना तो तरुण माझ्या शेजारून चालत होता. तो एवढेच म्हणाला, “इमामसाहेब, तुम्ही सांगितलंत तसंच केलं आम्ही.” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. आपण शरीअतच्या बाहेर गेलो नाही, याचे त्याला समाधान वाटत असावे. ते समाधान मला आजही सोसत नाही.

आधी दाखल झाली असती तर मूल वाचलेच असते, असे कोणी शपथेवर सांगू शकत नाही. तिच्या डॉक्टरांनीही तसे म्हटले नाही. परंतु माझा हिशेब त्या शक्यतेवर अवलंबून नाही. ज्या गोष्टीचे मला ज्ञान नव्हते, तिच्यावर मी हुकूम सांगितला होता.

मदरशात अबू दाऊद यांचा हदीससंग्रह शिकताना एक प्रसंग वाचला होता. हजरत जाबिर (रजि.) यांनी तो सांगितला आहे. काही सहाबा प्रवासात होते. त्यांच्यातल्या एकाच्या डोक्यावर दगड लागून जखम झाली. रात्री त्याच्यावर गुस्ल फर्ज झाले. त्याने सोबत्यांना विचारले, मला तयम्मुमची सवलत आहे का? ते म्हणाले, पाणी उपलब्ध असताना आम्हाला तरी सवलत दिसत नाही. त्याने अंघोळ केली आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी त्या सोबत्यांना फार कठोर शब्द वापरले: त्यांनीच त्याला मारले, असे ते म्हणाले. ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावर विचारणे हाच इलाज आहे, असेही त्यांनी सुनावले. ते सोबती काही दुष्ट नव्हते. दीनाची काळजी असलेली, पाण्याचा नियम पाठ असलेली माणसे होती. जखम किती खोल आहे एवढेच त्यांनी पाहिले नाही.

मीही पाहिले नव्हते. कितवा आठवडा, रक्तदाब किती, बाळ हलते का, डॉक्टरांनी कागदावर कारण काय लिहिले आहे, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो वैद्यकी करतो, तो होणाऱ्या हानीला जबाबदार आहे, अशा आशयाची हदीसही आहे. तिचा संबंध गल्लीतल्या भोंदू डॉक्टरांशी आहे असे मी समजत असे. दोन-चार दिवस थांबा असे सांगून मी त्या रात्री वैद्यकीच केली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मी जिचा आधार घेतला होता ती सूरह हजची पाचवी आयत. माती, थेंब, गुठळी अशा टप्प्यांतून माणूस कसा घडतो हे सांगून अल्लाह म्हणतो की तो इच्छितो त्याला एका नेमलेल्या मुदतीपर्यंत गर्भाशयात ठेवतो. सूरह रअदच्या आठव्या आयतीचा आशय असा की गर्भाशयांत काय घटते आणि काय वाढते ते अल्लाह जाणतो, आणि त्याच्यापाशी प्रत्येक गोष्टीचे माप ठरलेले आहे. या आयतींवर आपला ईमान आहे. मात्र त्या ज्ञान सांगतात ते अल्लाहचे. ती मुदत कोणती, हे त्याने तुम्हा-आम्हाला कळवलेले नाही. मग तारखेनंतरचा तेरावा दिवस हीच नेमलेली वेळ आणि अकराव्या दिवशी लावलेली सलाईन मात्र त्या मापाबाहेरची, हे मी कशाच्या आधारावर ठरवले? सलाईन लावून झालेला जन्मही त्याच्याच मापातला असतो. मृत्यूचीही मुदत नेमलेली आहे. तरी घरातल्या कर्त्या पुरुषाच्या छातीत कळ आली तर आपण रिक्षा बोलावतो, तेव्हा कोणी मला मसला विचारायला येत नाही. तकदीर आपल्याला नेमकी बाईच्या बाळंतपणात आठवते. याला श्रद्धा म्हणणे मला कठीण जाते.

हजरत उमर (रजि.) शाम देशाकडे निघाले होते तेव्हाची घटना आपण सर्वांनी ऐकली आहे. हिजरी १८ मधली अमवासची साथ पसरली होती. सर्ग या ठिकाणी ही बातमी मिळाली तेव्हा त्यांनी आधी मुहाजिरांशी, मग अन्सारांशी, मग कुरैशच्या वृद्धांशी सल्लामसलत केली आणि परत फिरण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता का? उमर (रजि.) यांचे उत्तर असे होते की होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे. आणि त्यांनी उदाहरण दिले उंटांचे. दरीचा एक उतार हिरवा असेल आणि दुसरा ओसाड, तर तुम्ही उंट कुठेही चारा, चारणे अल्लाहच्या तकदीरनेच होईल. म्हणून कोणी ओसाड उतार निवडतो का? या घटनेतला मधला भाग आपण घाईने ओलांडतो. उमर (रजि.) यांनी निर्णयाआधी तीन गटांना विचारले होते.

बाळंतपणाचे सर्वांत तपशीलवार वर्णन कुरआनमध्ये हजरत मरियम (अलै.) यांचे आहे, सूरह मरियमच्या २३ ते २६ या आयतींत. तिथे कळांसाठी ‘मखाज’ हा शब्द येतो. अरबीत त्याच धातूपासून ताक घुसळण्याचा शब्द होतो. ज्याने तो शब्द कळांना लावला त्या भाषेने बाईच्या पोटातली घुसळण जवळून पाहिली असली पाहिजे. कळांना अरबीत ‘तल्क’ असाही शब्द आहे, आणि त्यात सुटण्याचा अर्थ आहे. आपल्या मराठीतही बाई बाळंत झाली की ‘सुटली’, ‘मोकळी झाली’ असे म्हणतात, आणि नाही झाली तर ‘अडली’. मराठीच्या वर्गात शिकलेले हे शब्द मदरशातल्या शब्दांशेजारी ठेवले की मला दोन घरच्या आज्या एकाच ओसरीवर बसल्यासारख्या वाटतात.

कळांनी मरियम (अलै.) यांना खजुराच्या बुंध्याशी आणले. त्या एकट्या होत्या. वेदना अशी की याआधीच मरून विस्मृतीत गेले असते तर बरे, असे त्यांच्या तोंडून निघाले. जगातील श्रेष्ठ स्त्रियांपैकी एक असे बोलते आणि अल्लाह तिला त्याबद्दल दोष देत नाही. ओरडणाऱ्या सुनेला “आम्ही नाही का सोसलं?” असे विचारणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावे. त्यांना आवाज येतो तो आधी धीराचा: दुःख करू नकोस. मग पाणी दाखवले जाते, झरा पायाशी आहे. मग सांगितले जाते की बुंधा आपल्याकडे हलव, ताजे खजूर पडतील. ज्याने झरा काढला त्याला खजूर थेट ओंजळीत टाकणे अवघड नव्हते. तरी कळांनी पिळवटलेल्या त्या बाईला हात हलवायला सांगितले, आणि एका बाईच्या ताकदीने खजुराचा बुंधा तो काय हलणार? उलेमा यावरून शिकवत आले आहेत की उपाय करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

मात्र या आयतींतून प्रसूतिशास्त्राचे नियम काढू नयेत. कोणी म्हणतो, पाहा, नैसर्गिक प्रसूती झाली. कोणी म्हणतो, पाहा, उपाय केला. दोघेही आपल्या मनातले आयतीत घालतात. खजुराचे म्हणाल तर जॉर्डनमध्ये एक लहानसा अभ्यास झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तारखेआधी चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या ६९ आणि न खाणाऱ्या ४५ स्त्रियांची त्यात तुलना होती. खाणाऱ्यांपैकी ९६ टक्के स्त्रियांना कळा आपणहून सुरू झाल्या, न खाणाऱ्यांत ७९ टक्के. संख्या लहान आहे, पण खजूर हे अन्न आहे, खावे. गरोदरपणात साखर वाढली असेल तर डॉक्टरांना विचारून. हाजी लोक मक्केहून जी मरियम बूटी आणतात तिच्याबद्दल मात्र मी स्पष्ट सांगतो. पाण्यात टाकल्यावर ती वाळलेली वनस्पती उघडते, कारण तिचा तो गुणधर्म आहे. तिच्या उघडण्याने गर्भपिशवीचे तोंड उघडत नाही. उशाशी ठेवायची तर ठेवा. तिचे पाणी अडलेल्या बाईला पाजत बसून रुग्णालयाची वेळ घालवू नका. दंडाला बांधलेल्या ताविजाबद्दलही माझे म्हणणे तेच.

एक आक्षेप जाणकारांकडून येतो. शाफई फिकहच्या ग्रंथांत गर्भाची कमाल मुदत चार वर्षे, हनफी ग्रंथांत दोन वर्षे लिहिलेली आहे. मग दहा दिवसांची घाई कशाला? हे आकडे ग्रंथांत आहेत, ते लपवण्याचे कारण नाही. परंतु ते कुठल्या प्रकरणांत आहेत ते पाहावे. ते वंश, इद्दत आणि वारसा यांच्या प्रकरणांत आहेत. पती वारल्यानंतर किंवा तलाकनंतर उशिरा मूल झाले तर त्या बाईवर आळ येऊ नये आणि मुलाचा बाप हिरावला जाऊ नये, म्हणून फुकहांनी लोकांकडून ऐकलेल्या जास्तीत जास्त लांब मुदतीला संशयाचा फायदा दिला. तो दयेचा नियम होता. गर्भवतीने किती काळ घरी बसावे याची सूचना त्यांनी दिलेलीच नाही. किमान मुदतीचा सहा महिन्यांचा निष्कर्ष हजरत अली (रजि.) यांच्या नावे नोंदलेला आहे, तोही अशाच आळातून एका बाईला वाचवताना निघालेला: एका आयतीत गर्भ आणि दूध मिळून तीस महिने, दुसरीत दूध दोन वर्षे, उरले सहा. पुढे इब्न रुश्द यांनी, जे काझी होते तसे वैद्यही होते, लिहिले की या बाबतीत निर्णय अनुभवाकडे आणि नेहमी घडणाऱ्या गोष्टीकडे सोपवला पाहिजे. १९२९ च्या इजिप्तच्या कायद्याने ही कमाल मुदत एक वर्षावर आणली. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यात २८० दिवसांचा हिशेब आला.

डॉक्टरही हेच २८० दिवस धरतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने आणि सात दिवस. मराठीत ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात ते याच्या किती जवळ आहे! आपल्या घरांतल्या वृद्धा चांदाने मोजतात, तिथे मात्र सावध राहावे. नऊ चांद्रमहिने म्हणजे सुमारे २६६ दिवस, म्हणजे ३८ आठवडेच होतात. चांदाने नऊ भरले म्हणून घाबरणारी घरे मी पाहिली आहेत, आणि पाळीची तारीख नीट न आठवल्यामुळे खरोखर उलटलेले दिवस लक्षात न आलेलीही. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी एवढ्यासाठी करायची असते. पुढच्या सगळ्या मोजणीचा पाया तिथे पडतो.

दिवस उलटल्यावर धोका कशाचा, हे मी त्या घटनेनंतर एका डॉक्टर भगिनींकडे बसून शिकलो. बाळाला रक्त आणि प्राणवायू वारेतून मिळतो. ४० आठवड्यांनंतर काहींच्या बाबतीत वार थकू लागते, गर्भजल कमी होऊ लागते. बहुतेक मुले ४१ आठवड्यांनंतरही सुखरूप जन्मतात, आणि म्हणूनच प्रत्येक घरात “आमच्या अमुकचं नाही का पंधरा दिवस वर गेलं होतं?” असे सांगणारे कोणीतरी असते. ज्यांचे नीट झाले नाही त्या घरातले सांगत नाहीत. स्वीडनमध्ये १४ रुग्णालयांत २,७०० हून अधिक निरोगी गर्भवतींचे दोन गट केले होते. एका गटाला ४१ आठवड्यांना कळा आणल्या, दुसऱ्याला ४२ पर्यंत थांबू दिले. थांबलेल्या सुमारे १,४०० स्त्रियांपैकी सहा जणींची मुले दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. अभ्यास तिथेच थांबवावा लागला. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की ४१ आठवडे पूर्ण झाल्याची खात्री असेल तर कळा आणाव्यात, आणि गुंतागुंत नसेल तर त्याआधी आणू नयेत.

तारखेआधीही कळा आणण्याची वेळ येते. रक्तदाब वाढणे हे त्याचे मोठे कारण, आणि त्यावरचा जगभर वाचला गेलेला एक अभ्यास आपल्या महाराष्ट्रातला आहे. नागपुरातील दोन सरकारी रुग्णालयांत २०१३ ते २०१५ या काळात रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींना कळा आणल्या गेल्या. निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलची अल्प मात्रा तोंडाने, निम्म्यांना गर्भपिशवीच्या तोंडात फॉलीज कॅथेटरचा फुगा. चोवीस तासांत नैसर्गिक मार्गाने प्रसूती झाल्या त्या गोळीच्या गटात ५७ टक्के आणि फुग्याच्या गटात ४७ टक्के. ‘लॅन्सेट’ने २०१७ मध्ये तो छापला. मला त्यात टक्क्यांपेक्षा एक गोष्ट मोलाची वाटते. कळा आणणे म्हणजे पोट फाडणेच, अशी जी समजूत आपल्या घरांत आहे, ती खरी नाही. निम्म्याहून अधिक बाया त्या गोळीनंतर दिवसभरात आपल्या कळांनीच बाळंत झाल्या, आणि त्या काही श्रीमंतांच्या दवाखान्यातल्या नव्हत्या.

हे वाचून कोणी उलट टोकाला जाऊ नये. कारण दुसरीकडूनही माझ्याकडे लोक येतात. नवरा कुवेतहून किंवा दुबईहून महिन्याच्या रजेवर आलेला असतो, विमानाचे तिकीट ठरलेले असते, आणि जाण्याआधी मूल पाहायचे म्हणून ३७ व्या आठवड्यातच कळा आणा असा आग्रह असतो. कोणाला मूल रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री हवे, कोणाला जुम्म्याला. हिंदू शेजाऱ्यांनी मुहूर्तावर सिझेरियन केले की आपण नाक मुरडतो. मग हे काय आहे? शेवटच्या आठवड्यांत बाळाची फुप्फुसे आणि मेंदू पक्व होत असतात. रजेसाठी त्याचे दोन आठवडे कापून घेण्याचा हक्क बापाला कोणी दिला? कारणाशिवाय घाई करणारे डॉक्टरही असतात, आणि त्यांना कारण विचारणे हा उद्धटपणा नाही. तोंड किती उघडले आहे, बाळाचे ठोके कसे आहेत, आणखी दोन दिवस रोज तपासणी करून थांबता येईल का, हे विचारावे. अमेरिकेत २०१८ मध्ये सहा हजारांहून अधिक पहिलटकरणींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ आठवड्यांना कळा आणलेल्या गटात सिझेरियन १८.६ टक्के, थांबलेल्या गटात २२.२ टक्के. तेव्हा कळा आणल्या की हमखास सिझेरियन, हेही खरे नाही. पण तिथे बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष होते. ही अट विसरू नये.

कारण औषध तेच, हात वेगळे. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन म्हशीला पान्हा फुटावा म्हणून तबेल्यांत टोचले जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या गैरवापरामुळे केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये त्याच्या खासगी उत्पादनावर बंदीची अधिसूचना काढली, आणि मातांना ते औषध वेळेवर मिळाले पाहिजे म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये ती रद्द केली. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारे तेच औषध आहे. मात्र सोयी नसलेल्या खोलीत, ठोके न मोजता ते टोचले तर गर्भपिशवी फाटू शकते. आधीचे सिझेरियन झालेल्या बाईला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देऊन कळा आणणे तर आणखी धोक्याचे. म्हणून घरी येऊन कळांचे इंजेक्शन देणारा कोणी असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत प्रसूती, सिझेरियन, औषधे आणि वाहन मोफत आहे. पैशाअभावी घरी थांबण्याचे कारण उरलेले नाही.

डॉक्टर पुरुष असेल तर, हा प्रश्न लवकर आटोपतो. स्त्री डॉक्टर मिळत असेल तर तिला प्राधान्य. नसेल तर गरजेपुरती सवलत आहे, यावर फुकहांचे एकमत आहे. वाशी, नेरूळ, ऐरोलीत स्त्री डॉक्टरांची उणीव नाही.

निर्णय कोणाचा, हा प्रश्न त्याहून मोठा. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत मुलाचे दूध दोन वर्षांआधी तोडायचे असेल तर आई आणि बाप या दोघांच्या संमतीने आणि सल्लामसलतीने तोडावे, असे सांगितले आहे. दूध तोडण्यासाठी जर आईची संमती लागते, तर तिच्याच देहातून मूल बाहेर येण्याच्या निर्णयात ती गप्प कशी? आमच्याकडे मुलगा विचारायला येतो, सासू अट घालते, इमाम उत्तर देतो, सही नवरा करतो. जिच्या पोटात मूल हलते किंवा हलायचे थांबते, तिला ते सर्वांत आधी कळते, आणि तिलाच कोणी विचारत नाही. बाळंतपणात मरण पावणारी स्त्री शहीद आहे, ही हदीस सांगून आपण तिच्या माणसांचे सांत्वन करतो. ते सांत्वन खरे आहे. परंतु ते तिच्या जाण्यानंतरचे आहे. रुग्णालयात न्यायला उशीर करणाऱ्याला ते माफीनामा म्हणून वापरता येत नाही.

ते जोडपे दोन वर्षांनी पुन्हा माझ्याकडे आले. या वेळी ती बोलली. पहिल्या खेपेला मी तिच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो, तिचा आवाजच मला ठाऊक नव्हता. “विचारायला नाही आले,” ती म्हणाली, “सांगायला आले. चाळिसावा लागला की दाखल होणार आहे. दुआ करा.” सलाईन लावल्यावर सोळा तासांनी मुलगी झाली. बापाने तिथेच कानात अजान दिली.

सातव्या दिवशी अकीक्याला मला बोलावले होते. जेवण झाल्यावर त्या तरुणाची आई, जिने पहिल्या वेळी थांबायला सांगितले होते ती, मला बाजूला घेऊन उभी राहिली. तिच्या धाकट्या मुलीचे गावी दिवस भरत आले होते. तिने पदराच्या गाठीतून रेशनच्या पावतीची घडी काढली. मागच्या कोऱ्या बाजूला नातवंडाकडून लिहून घेतलेल्या चार ओळी होत्या. “पहिली सोनोग्राफी कधीची, आठवडा कितवा, पोर हलतंय का, बीपी किती, सगळं फोनवरून विचारून घेतलंय,” ती म्हणाली. “आता डॉक्टरणीकडं कुठल्या दिवशी न्यायची तेवढं सांगा.”

तिसऱ्या ओळीपर्यंत सगळे ठीक होते. चौथ्या ओळीवर १५०/१०० लिहिले होते. मी म्हटले, “दिवस नका विचारू. आत्ता फोन लावा आणि तिला निघायला सांगा.”